मंगळवेढा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंगळवेढ्याबाहेरच्या लोकांना या गावाबद्दल साधारण दोन गोष्टी ठाऊक असतात, ज्वारी आणि दामाजीपंत. या दोन्हींचं मूळ इथल्या काळ्या रानात आहे. पंढरपूरला जाता-येता थांबणारे पाहुणे, शाळेचा प्रकल्प करणारी मुलं आणि ज्वारी घ्यायला आलेली मंडळी पुन्हापुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

मंगळवेढा नेमकं कुठे आहे?

सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात. सोलापूर शहरापासून सुमारे ५५ किलोमीटर आणि पंढरपूरपासून सुमारे २५ किलोमीटर. तालुक्याच्या उत्तरेकडून भीमा वाहते. सातारा जिल्ह्यातून निघालेली माण नदी आटपाडी, सांगोला करत येते आणि पंढरपूर तालुक्यात सरकोलीजवळ भीमेला मिळते. दक्षिणेला गेलं की एकीकडे सांगलीचा जत तालुका आणि दुसरीकडे कर्नाटकातला विजयपूर जिल्हा. गावात रेल्वे नाही. रेल्वेने यायचं तर पंढरपूर किंवा सोलापूरला उतरून एसटी धरावी. सोलापूर–सांगोला–मिरज रस्ता गावाला लागूनच जातो, त्यामुळे गाडीची अडचण सहसा पडत नाही.

हे शहर म्हणायचं की खेडं?

नगरपालिका आहे, तहसील आहे, बाजार समिती आहे, म्हणजे कागदावर शहर. पण बाजारपेठेतल्या दुकानदारालाही विचारलं तरी त्याचं रान कुठल्या शिवारात आहे ते तो सांगेल. सुगीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत ही तक्रार इथे डॉक्टरही करतात आणि मास्तरही. आम्ही गावच म्हणतो.

पाऊस एवढा कमी, तरी ज्वारी कशी पिकते?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि इथल्या बाकीच्या पुष्कळ प्रश्नांचं उत्तर याच्या उत्तरात दडलेलं आहे.

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत येतो. सह्याद्री ओलांडेपर्यंत ढग रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला जेवढा पाऊस पडतो त्याचा जेमतेम दहावा हिस्सा आपल्याकडे, साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्यातही जून-जुलैचा भरवसा नाही. आपला खरा पाऊस परतीचा. पूर्वा, उत्तरा आणि हस्त ही नक्षत्रं लागली की माणसं आभाळाकडे बघायला लागतात. हत्तीचा, म्हणजे हस्ताचा, पाऊस चांगला झाला तर वर्ष निघालं म्हणायचं.

हा पाऊस साठवते ती जमीन. नदीकाठची आणि गावाभोवतीची काळी चांगली खोल आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी त्याच भेगांतून खोलवर उतरतं, मग भेगा मिटतात आणि ओल आत राहते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरणी उरकते. पुढे चार महिने पीक वाढतं ते त्या साठलेल्या ओलीवर आणि थंडीत पडणाऱ्या दवावर. वरून थेंब नाही पडला तरी ताट, म्हणजे ज्वारीचं धाट, उभं राहतं. म्हणून रब्बीची ज्वारी. आम्ही तिला शाळूही म्हणतो.

पण जमीन एकटी सगळं करत नाही. पेरणीनंतर साधारण तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपण्या कराव्या लागतात, म्हणजे पिकाच्या ओळींमधून कोळपं हे अवजार ओढून वरची माती हलवावी लागते. पहिल्या दोन फासाच्या कोळप्याने, तण काढायला. तिसरी दातेरी कोळप्याने, आणि तिचं काम वेगळं. तोवर ओल कमी होऊन रान पुन्हा भेगाळायला लागलेलं असतं. उघड्या भेगेतून आतली ओल उडून जाते, आणि भेग रुंदावली की मुळ्याही तुटतात. दातेरी कोळपं चाललं की वरची माती भुसभुशीत होऊन त्या भेगांत पडते, भेगा बुजतात आणि खालची ओल झाकली जाते. ही कोळपणी वेळेवर झाली की नाही, हे पुढे कणसाच्या दाण्यावर दिसतं. कोरडवाहू शेती म्हणजे देवावर हवाला ठेवून बसणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी डिसेंबरात एखाद्या रानाच्या बांधावर उभं राहून ही तिसरी कोळपणी बघावी.

मालदांडी म्हणजे काय?

रब्बी ज्वारीचा आपल्या भागातला जुना वाण. दाणा टपोरा, गोल, पांढरा, मोत्यासारखा चमकणारा. ताट उंच वाढतं आणि कडबा गोड लागतो म्हणून जनावरं आवडीने खातात. १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ हा वाण तयार केला. त्यानंतर राहुरीच्या कृषी विद्यापीठाने फुले वसुधा, फुले सुचित्रा, फुले रेवती असे कितीतरी वाण दिले, त्यांचं उत्पन्नही जास्त आहे. तरी घरी खायला म्हणून एक तुकडा मालदांडीचा, हे अजून बऱ्याच घरांत चालतं. भाकरीची चव आणि कडबा या दोन्हींचा मेळ मालदांडीइतका दुसऱ्या वाणात बसत नाही, असं माझंही मत आहे.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

‘ज्वारीचं कोठार’ हे नाव कसं पडलं?

पिकतं म्हणून, आणि टिकतं म्हणूनही. शाळू पक्व होतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे उन्हं तापत असताना. दाणा खडखडीत वाळलेला हाती येतो. खरिपाच्या ज्वारीवर काढणीच्या वेळी पाऊस पडला की ती काळी पडते, इथे ती भीती कमी. पूर्वी असं धान्य पेवांत ठेवत. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली खोली, तोंड लहान आणि पोट मोठं. आतून कडब्याचं किंवा भुसाचं अस्तर द्यायचं, धान्य भरायचं आणि तोंड मातीने लिंपून बंद करायचं. हवा लागली नाही की कीड जगत नाही. असं धान्य काही वर्षं टिकायचं. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, आतली कोंडलेली हवा जीवघेणी असते, हे घरातली जाणती माणसं बजावून सांगत.

ज्या मुलखात दर काही वर्षांनी पाऊस दगा देतो, तिथे दोन-तीन वर्षांचं धान्य साठवता येणं ही फार मोठी ताकद होती. ज्याच्या हाती कोठार त्याच्या हाती मुलूख. पुढचा सगळा इतिहास वाचताना हे ध्यानात ठेवावं.

दामाजीपंतांची गोष्ट खरी आहे का?

दामाजीपंत पंधराव्या शतकातले, बिदरच्या बहामनी सुलतानाच्या अमलात मंगळवेढ्याचा कारभार पाहणारे अधिकारी. दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून मरायला लागली, आणि या माणसाने सरकारी कोठारं उघडून धान्य वाटलं. चुगली बिदरला पोचली. बादशहाने धरून आणायला माणसं पाठवली. वाटेत पंढरपूरला त्यांनी पांडुरंगाचं दर्शन घेतलं. इकडे विठू महार नावाचा एक माणूस बिदरच्या दरबारात हजर झाला, धान्याची सगळी रक्कम मोजून दिली आणि पावती घेऊन गेला. तो विठू म्हणजे साक्षात विठ्ठल, असं महिपतींसारख्या संतचरित्रकारांनी लिहिलं आणि कीर्तनकारांनी घरोघरी पोचवलं.

विठूवर विश्वास ठेवायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला या गोष्टीत एक दुसरी बाजू फार मोलाची वाटते. कोठार भरलेलं होतं आणि कोठाराबाहेर माणसं मरत होती, म्हणजे धान्य नव्हतं असं नव्हे, ते खुलं नव्हतं. दामाजीपंतांनी धान्य पिकवलं नाही की विकत आणलं नाही, त्यांनी कुलूप काढलं. आणि तो माल त्यांचा स्वतःचा नव्हता, त्याची किंमत त्यांच्या मानेवर होती. शिवाय देवाने रूप घेतलं ते महाराचं. त्या काळात गावचा सरकारी वसूल आणि निरोप पोचवण्याचं काम महाराकडेच असायचं, तेव्हा गोष्ट रचणाऱ्यांनी गावगाड्याचं वास्तव नीट जाणलेलं होतं. गावात दामाजीपंतांचं मंदिर आहे.

तो दुर्गादेवीचा दुष्काळ होता ना?

बोलताना तसंच म्हणतात. पण दुर्गादेवीचा बारा वर्षांचा दुष्काळ साधारण १३९६ ते १४०७ चा मानला जातो. दामाजीपंतांच्या वेळचा दुष्काळ त्यानंतर अर्ध्या शतकाने, १४५८ ते १४६० च्या सुमारास पडलेला. लोकांच्या आठवणीत दुर्गादेवी इतकी खोल गेली की पुढचा प्रत्येक मोठा दुष्काळ तिच्याच नावावर जमा झाला.

संत चोखामेळा इथलेच का?

चोखोबांचा जन्म विदर्भातल्या मेहुण्याचा, अशी एक परंपरा आहे. आयुष्य मात्र मंगळवेढा आणि पंढरपूर याच भागात गेलं. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळं घर अभंग रचणारं. एका घरात एवढे कवी, तेही ज्या घराला देवळाची पायरी चढायला बंदी होती त्या घरात.

त्यांचा मृत्यू मंगळवेढ्यात झाला. गावकुसाचं बांधकाम चाललं होतं आणि वेठीला महारांना लावलं होतं. १३३८ साली ते कूस कोसळलं आणि त्याखाली चोखोबा आणि त्यांच्यासोबतचे मजूर गाडले गेले. नामदेव महाराज पंढरपुराहून आले. ढिगाऱ्यातल्या ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, असं ओळखून त्यांनी ती पंढरपूरला नेली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. आज वारकरी नामदेव पायरीला डोकं टेकवतात आणि चोखोबांच्या समाधीपुढे हात जोडतात.

ही गोष्ट सांगताना लोक बहुधा हाडांच्या चमत्कारावर थांबतात. थांबायचं ते कुसावर. गावाच्या रक्षणासाठी भिंत, ती बांधणारे गावाबाहेर राहणारे, आणि ती पडली तेव्हा मेले तेही तेच. चोखोबांच्या लोकांना पंढरपूरच्या मंदिराचं दार उघडायला पुढे सहाशेहून जास्त वर्षं लागली. १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण केलं, तेव्हा ते उघडलं. मंगळवेढ्यातही चोखोबांचं स्मृतिस्थान आहे. इथे येणाऱ्या प्रत्येकाने तिथे जावं असं मला मनापासून वाटतं.

आणि कान्होपात्रा?

त्याही मंगळवेढ्याच्या. पंधरावं शतक, आई शामा गणिका. मुलीच्या रूपाची वार्ता बिदरच्या दरबारापर्यंत गेली आणि तिथून बोलावणं आलं. ती पंढरपूरला पळाली आणि विठ्ठलाच्या पायाशी तिने प्राण सोडला, अशी कथा आहे. पंढरपूरच्या मंदिराच्या आवारात तिचं स्थान आणि तरटीचं झाड दाखवतात.

बसवेश्वरांचा मंगळवेढ्याशी काय संबंध?

फार जवळचा, आणि महाराष्ट्रात तो पुरेसा माहीत नाही याची खंत वाटते. बाराव्या शतकात मंगळवेढा ही कलचुरींची राजधानी होती. बिज्जल हा सुरुवातीला कल्याणीच्या चालुक्यांचा मांडलिक, पुढे त्याने चालुक्यांचंच सिंहासन घेतलं आणि राजधानी कल्याणला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला, हलली. महात्मा बसवेश्वर कूडलसंगमहून आले ते आधी मंगळवेढ्याला, बिज्जलाच्या खजिन्यात कारकून म्हणून. हिशेबातली हुशारी आणि प्रामाणिकपणा यांवर ते चढत गेले. कल्याणची अनुभवमंटपाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण माणूस घडला तो आधीच्या वर्षांत, आणि ती वर्षं इथली. गावात कृष्ण तलावाजवळ त्यांच्या स्मारकाचा विषय बरीच वर्षं चर्चेत आहे. ते चांगलं आणि लवकर व्हावं.

मध्वाचार्यांच्या परंपरेतले, त्यांच्या ग्रंथांवर विवरण लिहिणारे थोर जयतीर्थ हेही मंगळवेढ्याचे, असं परंपरा सांगते. अक्कलकोटचे स्वामी समर्थ १८५६ साली अक्कलकोटला गेले, त्याआधी त्यांचा इथे मुक्काम होता. लिंगायत, वारकरी, माध्व, दत्तसंप्रदायी असे सगळे प्रवाह इथून गेले, कारण गाव कर्नाटक आणि पंढरपूर यांच्या वाटेवर आहे.

किल्ला आहे का? शिवाजी महाराज इथे आले होते का?

भुईकोट आहे, आता अवशेषच उरलेत. बहामनींनंतर हा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत गेला. पुरंदरच्या तहानंतर महाराज मिर्झाराजे जयसिंगांबरोबर विजापूरच्या मोहिमेवर निघाले तेव्हा डिसेंबर १६६५ मध्ये फलटण, ताथवड्यापाठोपाठ मंगळवेढ्याचा किल्ला घेतला गेला.

औरंगजेबाची छावणी कुठे होती?

ब्रह्मपुरीला, माचणूरजवळ, भीमेच्या काठी. मंगळवेढ्याहून सोलापूरच्या रस्त्याने बारा-पंधरा किलोमीटर. १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं मोगल बादशहाचा तळ तिथे होता. त्याने गावाचं नाव इस्लामपुरी ठेवलं होतं. १६९९ मध्ये तो साताऱ्याकडे निघाला, तरी वजीर असदखान आणि मोठा लवाजमा इथेच मागे राहिला. एवढं सैन्य, हत्ती, घोडे, उंट, बैल चार वर्षं एका जागी पोसायचे तर बारमाही नदी हवी, धान्य हवं आणि वैरण हवी. तिन्ही जिथे मिळाली तिथे तो बसला. त्या चार वर्षांत आसपासच्या गावांनी काय सोसलं असेल, याची कल्पना शेतकऱ्याला करून द्यायला नको.

माचणूरचं सिद्धेश्वराचं मंदिर अगदी पाण्यालगत आहे, दगडी घाट सुरेख आहे आणि शेजारी मोगल गढीचे बुरूज दिसतात. श्रावणात गर्दी असते. नदीपलीकडचं बेगमपूर हे नाव औरंगजेबाच्या मुलीच्या कबरीवरून पडलं, असं लोक सांगतात.

मंगळवेढा पूर्वी सांगलीत होतं, हे खरं का?

हो, सांगली संस्थानात. पेशवाईत पटवर्धनांकडे आलेला हा मुलूख पुढे त्यांच्या सांगली शाखेकडे राहिला. भोवताली इंग्रजांचा सोलापूर जिल्हा आणि मध्ये सांगलीकरांचं मंगळवेढा, अशी स्थिती होती. मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि पुढे मंगळवेढा सोलापूर जिल्ह्यात आलं. जुन्या जमिनीचे कागद शोधायला आलेल्यांना हे माहीत नसलं की ते चुकीच्या दप्तरात शोधत बसतात.

भीमा एवढी जवळ, मग पाण्याची ओरड कशाला?

कारण तालुका एकसारखा नाही. उत्तरेला भीमाकाठ, काळी जमीन. १९८० मध्ये उजनी धरण झालं, कालवे आले आणि या पट्ट्यात ऊस शिरला. गावाला दामाजीपंतांच्याच नावाचा सहकारी साखर कारखाना आहे. नदीला पाणी आलं की कधी ते जास्तही येतं. ऑक्टोबर २०२० मधला भीमेचा पूर इथल्या लोकांनी पाहिलाय.

दक्षिणेकडे चढ लागतो, माती पातळ होते, मुरूम वर येतो. तिथे ओल धरून ठेवायला काळी नाही आणि पाणी चढवायला कालवा नाही. तिथल्या चोवीस गावांनी उपसा सिंचन योजनेसाठी वर्षानुवर्षं भांडण केलं, मतदानावर बहिष्कार टाकला, महाराष्ट्र पाणी देत नसेल तर कर्नाटकात जातो असंही ठणकावलं. त्यांच्या मागणीत काडीचीही अतिशयोक्ती नव्हती. उन्हाळ्यात टँकरची वाट बघत घागरींची रांग लावणारी बाई आणि वीस किलोमीटरवर उसाला पाट भरून पाणी, हे एकाच तालुक्यात दिसतं.

उसाबद्दल माझं मत विचारणाऱ्यांना सांगतो: हमखास पैसा देणारं पीक शेतकऱ्याने का सोडावं? दोष त्याचा नाही. पण खोल काळीला वर्षभर मोकाट पाणी दिलं की क्षार वर येतात आणि रान चोपण, म्हणजे खारवून नापीक, व्हायला लागतं. जी जमीन चार महिने बिनपाण्याने ज्वारी उभी ठेवते, तिला पाण्याने मारणं मनाला पटत नाही. ज्वारी मागे पडण्याचं दुसरं कारण मजुरीचं आहे. शाळू उपटून काढावा लागतो, उन्हाच्या आत, पहाटेपासून. हाताला कापडं गुंडाळून, वाकून. त्या कामाला पुढे कुणी येत नाही, आणि आलं तर दाण्याचा भाव मजुरीतच जातो.

इथली बोली कोणती?

मराठी. सीमेकडच्या गावांत कानडीही घरात बोलतात, बरेच जण दोन्ही सफाईने. हुलजंतीला महालिंगरायाची दिवाळीतली यात्रा पाहिली की हे कळतं. महाराष्ट्र आणि कर्नाटकातून धनगर समाज येतो, पालख्यांची भेट होते, भंडारा उधळला जातो, आणि ढोलाच्या आवाजात कोण कुठल्या राज्यातलं हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

यायचं तर कधी यावं?

डिसेंबरची अखेर ते जानेवारी. रानं उभी असतात आणि हुरडा सुरू होतो. आगटीत कणसं भाजायची, हातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि गरम गरम दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. हुरड्याला गुळभेंडी, कुचकुची असे वेगळे वाण लावतात. सीमेकडच्या गावांत मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला सगळं घर रानात जेवतं, ओळखीचं कुणी असेल तर तो दिवस चुकवू नका. संक्रांतीला भीमाकाठच्या सिद्धापूरला मातुर्लिंग गणपतीची यात्रा भरते. मे महिन्यात मात्र येऊ नये, ऊन सोसत नाही आणि बघायला नुसत्या भेगा.

खरी मंगळवेढ्याची ज्वारी कशी ओळखायची, आणि कधी घ्यावी?

मार्च-एप्रिलमध्ये, नवा माल आला की. वर्षभराची एकदम घ्यावी. मूठभर हातात घेऊन बघा: दाणा गोल, भरलेला, पांढरा आणि किंचित चमक असलेला हवा. दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. काळपट ठिपके असलेला माल भिजलेला असतो. नुसत्या नजरेने वाण शंभर टक्के सांगता येत नाही, म्हणून जमलं तर थेट शेतकऱ्याकडून घ्या आणि ‘मालदांडीच आहे ना, का संकरित?’ असं सरळ विचारा. खोटं सांगणारे कमी भेटतील. घरी नेल्यावर दोन दिवस कडक ऊन द्यावं, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात किंवा कणगीत भरावी आणि मध्येमध्ये वाळलेला कडुलिंबाचा पाला घालावा. पीठ एकदम दळून ठेवू नका. आठवड्याला लागेल तेवढंच दळा, शिळ्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते.

कडबा हवा असेल तर तोही याच हंगामात, शेकडा पेंढ्यांच्या भावाने मिळतो. पेंढी केवढी आहे ते बघून भाव ठरवा, आणि जून लागायच्या आत गंजी लावून झाकून टाका.